खोगीर उलटं करून बघा

माझी घोडी काठेवाडी आहे, रंगानं कुमाईत. म्हणजे अंग तांबूस, आयाळ आणि शेपूट काळी. मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना तिला रुपयाएवढे दोन पांढरे ठिपके आहेत. बघणारे विचारतात, जन्मखूण आहे का? नाही. ते मी घेतलेल्या पहिल्या खोगिरानं केलेत. एकाच जागी महिनोन्महिने दाब पडला की केसांच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी मरतात. मग तिथे उगवणारा केस पांढराच येतो, आणि बहुतेक वेळा कायमचा. ते खोगीर दिसायला फार देखणं होतं. गडद तपकिरी कातडं, बारीक टाका, बसायला मऊ. मी ते वरून बघून घेतलं होतं.

आता कुणी खोगिराबद्दल विचारायला आलं की पहिला प्रश्न किंमतीचा असतो, दुसरा ब्रँडचा. मी सांगते, दुकानात खोगीर हातात आलं की आधी उलटं करा. वरची बाजू तुमच्यासाठी आहे, खालची घोड्यासाठी, आणि खोगिराची खरी परीक्षा खालच्या बाजूला होते.

रायडिंग क्लबांमध्ये वापरतात ते इंग्लिश पद्धतीचं खोगीर घेऊ. त्याच्या पोटात एक सांगाडा असतो, त्याला ट्री म्हणतात. लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून आणि पोलादी पट्ट्या ठोकून तो घडवतात. हल्ली प्लास्टिकसारख्या कृत्रिम पदार्थांचाही असतो. त्याच्या पुढच्या टोकाला पोलादी कमान असते. मघाशी सांगितलेल्या उंचवट्याला घोडेवाल्यांच्या बोलण्यात विदर्स म्हणतात. ही कमान त्या विदर्सवरून पुलासारखी जाते. सांगाड्याखाली दोन लांबट गाद्या, म्हणजे पॅनल, कण्याच्या दोन बाजूंना एकेक. त्यात लोकर भरलेली असते, किंवा फोम. दोन गाद्यांच्या मधून पन्हळीसारखी मोकळी जागा पुढून मागपर्यंत जाते. या सगळ्यावर कातडं चढवलेलं, आणि गिऱ्हाईक बघतं ते नेमकं कातडं.

मराठीत निरुपयोगी गोष्टी कोंबायला आपण खोगीरभरती म्हणतो. जुन्या खोगिरात मिळेल ते भरलं जाई, त्यावरून शब्द आला. पण भरतीला इतकं हलकं लेखू नये. चांगली लोकर नीट भरली तर स्वाराचं वजन पसरतं, तिच्या गाठी झाल्या तर प्रत्येक गाठ पाठीत रुतते. मात्र भरतीच्या ताकदीलाही मर्यादा आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली तीच आहे: लोकर काढून पुन्हा भरता येते, पण सांगाड्याची रुंदी आणि बाक चुकलेला असेल तर कुठलीच भरती तो झाकू शकत नाही.

पाठ कशी असते

घोड्याची पाठ म्हणजे वर बसायची सपाट फळी, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मधोमध कण्याच्या मणक्यांची टोकं वर आलेली असतात आणि त्यांच्यावर भार मुळीच पडायचा नसतो. भार घ्यायचा तो कण्याच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या लांब, जाड स्नायूंनी, ज्यांना खालून फासळ्यांचा आधार आहे. घोड्याला फासळ्यांच्या साधारण १८ जोड्या असतात. शेवटची फासळी जिथे कण्याला मिळते तिथे खोगिराची हद्द संपली. त्यामागे कंबर, तिथे खालून आधार नाही. ही फासळी हातानं सापडते: पोटाच्या बाजूनं ती चाचपायची आणि तिच्या कडेनं बोटं वर कण्याकडे न्यायची. आखूड पाठीच्या घोड्यावर लांब खोगीर टाकलं की त्याची मागची कड थेट कमरेवर बसते. माणूस उंच आणि घोडा लहान असेल तेव्हा हे हमखास घडतं.

पुढच्या हद्दीची गोष्ट आणखी महत्त्वाची. माणसाला असतं तसं हासळीचं हाड घोड्याला नसतं. त्याच्या खांद्याचं चपटं, रुंद हाड धडाला फक्त स्नायूंनी बांधलेलं असतं. पुढचा पाय लांब टाकला की त्या हाडाचं वरचं टोक मागे सरकतं. तिथेच सांगाड्याच्या कमानीचं टोक येऊन बसलं असेल, तर दर पावलाला हाड त्यावर आदळतं. घोडा मग पाऊल आखूड टाकायला शिकतो आणि आपण त्याला आळशी म्हणतो. म्हणून खोगीर खांद्याच्या हाडामागे दोन-तीन बोटं सोडून ठेवायचं. बाहेर आलेला कातड्याचा झुलता भाग खांद्यावर गेला तरी चालतो. आतला सांगाडा जाता कामा नये.

अरुंद, रुंद आणि एक फसवं चक्र

सांगाड्याच्या रुंदीला नॅरो, मीडियम, वाइड अशी नावं आहेत. ती एका कारखान्याची दुसऱ्याशी जुळत नाहीत. एकाचं मीडियम दुसऱ्याच्या नॅरोएवढं निघतं. म्हणून पाटीवरच्या आकड्यावर किंवा अक्षरावर भरवसा ठेवू नये.

अरुंद सांगाडा विदर्सवर चिमट्यासारखा बसतो. पुढचं टोक वर उचललं जातं, स्वार मागे घसरतो आणि त्याचं वजन खोगिराच्या मागच्या भागावर जातं. रुंद सांगाड्याचं उलट होतं: पुढची बाजू खाली बसते आणि कमान विदर्सच्या हाडाला टेकते. दोन्ही वेळा लोक एकच उपाय करतात, खोगिराखाली आणखी एक नमदा, म्हणजे लोकरीची जाड घडी, किंवा जाड पॅड घालतात. रुंद खोगिराला पॅडनं थोडा वेळ तरी निभतं. अरुंद खोगिराखाली पॅड घालणं म्हणजे पायाला चावणाऱ्या बुटात मोज्यांचा दुसरा जोड चढवणं. जागा आधीच कमी, ती आणखी कमी होते.

माझ्या घोडीच्या बाबतीत जे झालं ते असं. खोगीर अरुंद होतं. मी पॅड वाढवला. सततच्या दाबानं विदर्सच्या मागचा स्नायू झडत गेला आणि दोन्ही बाजूंना ओंजळीएवढे खळगे पडले. खळगे पडले तसं खोगीर तिला नीट बसू लागलं! मला वाटलं, कातडं मऊ झालं, जमलं. खरं म्हणजे खोगिरानं पाठीलाच आपल्या मापाची करून घेतलं होतं. अशा पाठीचं माप घेऊन नवं खोगीर आणलं तर तेही अरुंदच येणार, आणि स्नायू परत भरायला जागाच राहणार नाही. म्हणून खळगे असलेल्या घोड्याला खोगीर घेताना ते आजच्या पाठीपेक्षा थोडं रुंद घ्यायचं, मोकळी राहिलेली जागा तात्पुरत्या पातळ पट्ट्यांनी भरायची, आणि स्नायू येतील तशा त्या एकेक काढायच्या. आमच्या घोड्यांच्या डॉक्टरांनी आधी काही महिने पाठीवर बसूच नका, चालवून आणि लांब दोरीवर फिरवून काम द्या असं सांगितलं. ते मी केलं. स्नायू भरले, ठिपके राहिले.

हातानं तपासायचं कसं

घोडा सपाट जमिनीवर, चारही पायांवर सारखा उभा हवा, मान नेहमीच्या उंचीला. खाली नमदा, पॅड काही घालायचं नाही. पहिल्यांदा खोगीर उघड्या पाठीवर बघायचं. ते विदर्सवर जरा पुढे ठेवायचं आणि केसांच्या दिशेनं मागे सरकवायचं. एका जागी ते आपण होऊन थांबतं, ती त्याची जागा. उलट दिशेनं, मागून पुढे कधीही ओढायचं नाही, केस दुमडतात आणि तेच पुढे टोचतात.

तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर बांधणारा पट्टा, आवळण्याआधी बाजूनं बघा. बैठकीचा सगळ्यात खोल भाग मधोमध यायला हवा. मागे गेला तर खोगीर अरुंद, पुढे गेला तर रुंद असण्याची शंका घ्यायची. मग पुढे या. कमान आणि विदर्स यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावायला हवीत, आणि नुसती वरून नाही, बाजूंनीही. ही तपासणी स्वार बसल्यावर पुन्हा करायची, कारण वजन पडलं की खोगीर खाली बसतं. मागे उभं राहून पन्हळीतून बघा: पुढच्या टोकापर्यंत उजेड दिसला पाहिजे. पन्हळ तीन-चार बोटं रुंद असावी, आणि मागे जाताना निमुळती होऊन कण्यावर चढलेली नसावी.

यानंतर जे करायचं ते बहुतेक जण करत नाहीत. एक तळवा खोगिराच्या वर दाबून धरा आणि दुसरा पॅनलखाली घालून पुढून मागे सावकाश न्या. तळव्याला दाब सगळीकडे सारखा लागायला हवा. पुढे घट्ट, मधे हात सहज फिरतोय आणि मागे पुन्हा घट्ट, असं झालं तर खोगीर पाठीवर पूल टाकून बसलंय. ६० किलोचा स्वार आणि ८ किलोचं खोगीर, मिळून ६८ किलो दोन लांब गाद्यांवर पसरायला हवे होते, ते अशा वेळी चार छोट्या ठिकाणी उतरतात. उलट मधे घट्ट आणि दोन्ही टोकं सुटलेली असतील तर खोगीर पाळण्यासारखं हिंदकळतं. हे दोन्ही सांगाड्याच्या बाकाचे दोष आहेत. थोडंसं असेल तर लोकर कमी-जास्त करून जमतं, जास्त असेल तर ते खोगीर दुसऱ्या घोड्याचं आहे असं समजून ठेवून द्यावं.

तंग अडकवायच्या वाद्या सरळ खाली लोंबायला हव्यात आणि तंग कोपराच्या मागे वीतभर नव्हे, चार बोटांवर, छातीच्या नैसर्गिक खाचेत यायला हवा. तंग नेहमी आपल्या खाचेत जातो. वाद्या तिरप्या असतील तर चालताना तो खोगिराला बरोबर ओढून नेतो. गोलसर पाठीच्या तट्टांना विदर्स जेमतेमच असतो, त्यांच्यावर खोगीर पुढे घरंगळतं. तिथे शेपटीखालून जाणारी दुमची लावतात. रेसकोर्सवरून निवृत्त होऊन क्लबात आलेल्या थरोब्रेड घोड्यांचं नेमकं उलट, त्यांचा विदर्स उंच आणि लांब. काठेवाडी आणि मारवाडी घोडेही बहुधा या अरुंद बाजूला झुकतात. म्हणजे एका क्लबातल्या तीन घोड्यांना एकच खोगीर चालवणं हा कुणातरी एकावर, कधी तिघांवरही, अन्याय असतो.

उभ्या घोड्यावर बसलेलं खोगीर चालत्या घोड्यावर बसेलच असं नाही. दुडक्या चालीत कुणाला तरी मागून बघायला सांगा. मागची कड उडते का, खोगीर एका अंगाला सरकतं का? सरकत असेल तर लगेच खोगिराला दोष देऊ नका. मागच्या पायातला बारीक लंगडेपणाही असंच करतो, स्वार वाकडा बसत असला तरी तेच. शिवाय बऱ्याच घोड्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरलेला असतो. अशा वेळी सांगाडा मोठ्या खांद्याच्या मापाचा घेतात आणि लहान बाजूला भर घालतात.

अर्ध्या-पाऊण तासाच्या स्वारीनंतर खोगीर काढलं की घाम वाचायचा. दोन्ही बाजूंना सारखा ओलावा, मधे कण्यावर कोरडी पट्टी, हे चांगलं. ओल्या भागात मधेच कोरडा डाग दिसला तर दोन शक्यता असतात: तिथे खोगीर टेकतच नाही, किंवा इतकं दाबतंय की घाम यायलाही वाव नाही. नुसत्या डोळ्यांनी या दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून तळव्याची परीक्षा आधी सांगितली. केस फिरलेले, उभे राहिलेले असतील तर तिथे घासतंय. आणि वीस मिनिटांनी पुन्हा एकदा हात फिरवा, कारण सूज कधीकधी खोगीर काढल्यानंतर वर येते.

घोडा स्वतः सांगत असतोच. खोगीर आणताना दिसलं की कान मागे टाकणं, तंग ओढताना दात दाखवणं, स्वार चढताना पाठ खाली खचवणं, एकाच बाजूच्या दौडीला नकार देणं. यातलं काहीही दात, खूर किंवा पोटाच्या दुखण्यानंही होऊ शकतं, तेव्हा डॉक्टरांना दाखवायचंच. पण शिस्त म्हणून चाबूक उचलण्याआधी पॅनलखाली हात घालून बघा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आता तुम्ही

स्वाराच्या बैठकीचं माप इंचात असतं, पुढच्या बाजूच्या खिळ्यापासून मागच्या कडेच्या मध्यापर्यंत. मोठ्या माणसांना साधारण १६ ते १८ इंच लागतं. ते वजनापेक्षा मांडीच्या लांबीवर अवलंबून असतं. बसल्यावर मागे चार बोटं, फार तर एक तळवा जागा उरली की माप बरोबर. गुडघा पुढच्या कातड्याच्या बाहेर जाऊ नये.

बैठक मोठी-लहान असणं पटकन कळतं. रिकिबीची वादी जिथे अडकते त्या कडीची जागा चुकली तर कळत नाही. ती फार पुढे असेल तर पाय पुढे जातात आणि स्वार खुर्चीत बसल्यासारखा मागे रेलतो. मग शिकवणारा ओरडत राहतो, टाच मागे घ्या, आणि बिचारा शिकणारा मांड घट्ट करून वर्षानुवर्षं खोगिराशीच भांडतो. कान, खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत सहज येतात का, एवढं आरशात किंवा फोटोत बघा. सहज येत नसतील तर दुसऱ्या खोगिरावर बसून बघा. बायकांना हे जास्त जाणवतं: ओटीपोटाच्या हाडांची ठेवण वेगळी असल्यामुळे पुरुषाला सुखाची वाटणारी बैठक त्यांना पुढून टोचते. दुखणं सहन करणं हा स्वारीच्या शिक्षणाचा भाग नाही.

रिकीब बुटाच्या रुंदीपेक्षा इंचभर मोठी हवी. लहान असली तर पडताना पाय अडकतो, फार मोठी असली तर पूर्ण पाऊल आत जातं. दोन्ही जिवावर बेतू शकतं. आणि वजनाचा ठोकताळा असा, की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावेत. ३५० किलोच्या घोड्याला म्हणजे सगळं धरून ७० किलो.

माल चांगला की नुसता चकचकीत

भारतात खोगीर म्हटलं की कानपूर. १८५७ नंतर ब्रिटिश लष्करानं तिथे घोड्यांच्या सामानाचा कारखाना उभारला, आणि आज कानपूरची खोगिरं परदेशातही जातात; ‘कानपूर सॅडलरी’ला भौगोलिक मानांकनही आहे. तिथे उत्तम मालही होतो आणि अगदी स्वस्त मालही, म्हणून नुसतं कानपुरी एवढ्यावरून काही ठरत नाही.

सांगाडा तपासायला खोगिराची पुढची बाजू पोटाशी धरा आणि मागची कड दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा. थोडी स्प्रिंग चालेल. मधेच दुमडलं, करकर वाजलं, बैठकीवर आडवी सुरकुती पडली तर सांगाडा मोडलेला असू शकतो. मग कमानीचे दोन पाय धरून फाकवून बघा, तिथे हालचाल अजिबात नको. जुनं खोगीर घेताना हे आधी करा, बाकीचं नंतर. मोडलेल्या सांगाड्याचं खोगीर फुकट मिळालं तरी घेऊ नये. मग उलटं करून मागून नजर लावा. पन्हळ सरळ आहे का, दोन्ही पॅनल सारखी जाड आहेत का. अंगठ्यानं दाबत जा, गाठी लागतात का बघा.

कातड्याची घडी घातली की बारीक सुरकुत्या पडून मिटायला हव्यात. वरचा पापुद्रा सुटून फुगला किंवा तडकला तर ते हलकं कातडं आहे, वरून रंग चढवलेलं. ओल्या पांढऱ्या फडक्यानं पुसा. थोडा रंग नव्या कातड्याचा निघतो, फडकं काळं झालं तर तुमची विजारही होईल. जुन्या खोगिरात तंगाच्या वाद्यांची भोकं लांबट झालेली आणि टाके उसवलेले बघा. वाद्या बदलता येतात, पण बदलेपर्यंत त्यावर बसू नका. आपल्याकडे पावसाळ्यात बुरशी येते, तेव्हा खोगीर उन्हात टाकायचा मोह होतो. उन्हात कातडं कडक होऊन तडकतं. सावलीत, वाऱ्यावर, आधी पुसून.

एकदा बसलेलं खोगीर कायम बसत नाही. लोकर दबते, घोडा पावसाळ्यात बसून लठ्ठ होतो, हंगामात उतरतो, तरुण घोडा सहा-सात वर्षांपर्यंत अंगानं बदलतच असतो. वर्षातून एकदा तरी लोकर तपासून घ्यावी. मी दर तीन महिन्यांनी वाकवली तशी राहणारी जाड तार खांद्याच्या हाडामागे दोन बोटांवर पाठीवर आडवी दाबते, तो आकार पुठ्ठ्यावर उतरवते, कापते आणि वर तारीख घालते. पुठ्ठा खोगिराच्या कमानीत धरला की दुकानात घोडा न नेताही अर्धं उत्तर मिळतं. माझ्याकडे असे पुठ्ठे खिळ्याला अडकवलेले आहेत, आणि पहिला व शेवटचा एकावर एक धरले तर दोन्ही बाजूंना बोटभर फरक दिसतो.

ज्यांना घोडा घ्यायचा नाही, फक्त माथेरानला गेल्यावर तासभर बसायचं आहे, त्यांनाही दोन गोष्टी करता येतील. बसण्याआधी पुढच्या कमानीखाली बोटं घाला. जागा नसेल, किंवा पाठीवर ओली जखम दिसली, तर दुसरा घोडा मागा. आणि चढताना जमिनीवरून लोंबकळत चढू नका, दगडावर किंवा कट्ट्यावर उभं राहून चढा, म्हणजे सगळं वजन खोगिराच्या एका बाजूला ओढलं जात नाही. उतरल्यावर घोडेवाला तंग दोन भोकं सैल करून खोगीर तसंच थोडा वेळ पाठीवर ठेवताना दिसला तर तो कंटाळा करतोय असं समजू नका. घोडदळातली ही जुनी पद्धत आहे. दाबलेली, तापलेली पाठ एकदम उघडी न टाकता हळूहळू निवू देतात, मग खोगीर उतरवून तळव्यानं पाठ चोळतात. तो चोळत असेल तेव्हा जवळ उभं राहून बघा, घोडा कुठल्या जागी कातडी थरथरवतो.